म्हशींचे डॉक्टर आणि माझी सुई

सर आता आमच्या लॅबमध्ये नाहीत. कन्नडच्या पलीकडे आपल्या गावी असतात, तब्येत ठणठणीत आहे, म्हशी पाळल्या आहेत आणि फोन केला की आधी म्हशींची खबर देतात, मग स्वतःची. त्यांच्या जागी लॅबची प्रमुख आता मी आहे. तरी मधूनमधून एखादं जोडपं काउंटरवर विचारतंच, "ते सर दिसत नाहीत?" मी तिथंच उभी असते. ते निवृत्त झाले, असं सांगते. नवरा-बायको एकमेकांकडे बघतात आणि बाई हळूच म्हणते, "मग आता आमचं कोण करणार?"

आता म्हणजे काय? तेव्हाही मीच करत होते.

आमचं हॉस्पिटल जालना रोडवर आहे, टेस्ट ट्यूब बेबीचं. माझं शिक्षण प्राणिशास्त्राचं आणि काम लॅबमधलं. बाईची काढलेली अंडी आणि पुरुषाचा नमुना माझ्याकडे येतो. पुढे दोन रस्ते असतात. एक म्हणजे अंडी बशीत ठेवायची, भोवती शुक्राणू सोडायचे आणि आपण बाजूला व्हायचं. ज्याला जमेल तो आत जाईल. दुसरा म्हणजे केसाहून बारीक काचेच्या सुईत एकच शुक्राणू उचलायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली अंड्याला टोचून आत सोडायचा. या सुईच्या कामात माझा हात फार चांगला आहे. बाहेरगावची मुलं-मुली माझ्याकडे शिकायला येतात, ती उगाच येत नाहीत.

सरांच्याही आधीचे प्रमुख पुण्याला गेले तेव्हा ती खुर्ची मला मिळणार हे सगळे धरून चालले होते. मीही. एके दिवशी मोठ्या मॅडम, म्हणजे आमच्या हॉस्पिटलच्या मालक डॉक्टर, राउंडवरून येता येता म्हणाल्या, "उद्यापासून एक सर येतायत. लॅब ते बघतील. जनावरांमधलं मोठं काम आहे त्यांचं."

"जनावरांमधलं?"

"म्हैस काय नि बाई काय, मायक्रोस्कोपखाली सारखंच गं," असं म्हणून त्या लिफ्टमध्ये शिरल्या.

दुसऱ्या दिवशी सर आले. उंच, खांद्यात वाकलेले, हातात जेवणाचा स्टीलचा डबा. पैठण-गंगापूरच्या खेड्यांतून म्हशी भरवत, म्हणजे कृत्रिम रेतन करत, निम्मी नोकरी झालेली, उरलेली जनावरांच्या गर्भाच्या प्रयोगशाळेत. माझी ओळख करून दिली तर नमस्कार सोडून ते पुढे झुकले आणि त्यांनी चक्क वास घेतला.

"ताई, पावडर लावलीय?"

"थोडी."

"धुऊन या."

गर्भाच्या लॅबमध्ये सुगंधी काही चालत नाही, हे मलाही ठाऊक होतं. हवेतल्या वासाचा गर्भाला त्रास होतो. पण सरांनी त्याचं व्रतच केलं होतं. साबण त्यांनी सोडलेला, बेसन लावून अंघोळ करायचे. घरातल्या उदबत्त्या बंद करून देव गच्चीवरच्या खोलीत नेऊन ठेवले होते, आणि त्यांची बायको त्याबद्दल त्यांच्याशी वर्षभर नीट बोलली नाही, असं ते अभिमानानं सांगायचे. लॅबच्या दारात उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाचा वास घ्यायचे, मोठ्या मॅडमचासुद्धा. आमचे भूल देणारे डॉक्टर ईदच्या दुसऱ्या दिवशी अत्तर लावून आले. याच डॉक्टरांना मी पूर्वी एकदा हेच सांगितलं होतं, तर त्यांनी माझी तक्रार केली होती. सरांनी त्यांना बाहेरच्या जिन्यात गाठलं, कडकडून मिठी मारली, मुबारकबाद दिली आणि मग म्हणाले, "आता घरी जा, अंघोळ करून या. तोवर पेशंटला मी गोष्टी सांगतो." डॉक्टर खो खो हसत घरी गेले, आणि येताना सरांसाठी शीरखुर्मा घेऊन आले.

मला हेवा वाटायचा तो अशा गोष्टींचा. ज्ञानाचा नाही. पुस्तकात होतं ते मलाही येत होतं, आणि हात तर माझाच सरस होता.

सरांना सुई आवडत नसे. "ही घुसखोरी हाय," म्हणायचे. त्यांचा जीव रमायचा बशीत. अंड्याभोवती शुक्राणू सोडले की ते सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचे ते उठायचेच नाहीत. ताजा शुक्राणू पळतो खूप, पण त्याला अंड्यात शिरता येत नाही. काही तास बाईच्या अंगात, किंवा आमच्याकडच्या द्रवात काढल्यावर त्याच्यात बदल होतो आणि शेपटीचा झटका बदलतो. पुस्तकात याला मोठं नाव आहे. सर म्हणायचे, "अक्कल येणं." मी काही विचारायला गेले की हात वर करून थांबवायचे. "जरा दम धरा ताई. अजून त्याला अक्कल आली नाय." मग एकदम, "आली! आली! बघा कसा शेपूट आपटतोय!" शेजारच्या खोलीत ऑपरेशन चालू असायचं. नर्सेस हसायच्या. एकदा बशी इनक्युबेटरमध्ये गेली की मात्र सर तिकडं ढुंकूनही बघायचे नाहीत. मी घाई करून दार उघडलं तर कपाळाला हात लावायचे. "झोपलेल्या लेकराचं पांघरूण वर करून बघता का तुम्ही?"

माझ्या लेकराचं मी बघायचे, पण हे मी त्यांना सांगितलं नाही.

त्यांनी लॅबच्या कपाटावर आतून एक कागद चिकटवला होता. त्यावर 'इझुमो' आणि 'जुनो' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं. शुक्राणूच्या डोक्यावरचं एक प्रथिन आणि अंड्याच्या आवरणावरचं एक प्रथिन. ही दोन एकमेकांना धरतात आणि मग दोन पेशींची एक पेशी होण्याचा रस्ता खुला होतो. पहिलं नाव जपानमधल्या एका देवळावरून ठेवलंय, तिथं लोक लग्न जुळावं म्हणून जातात. दुसरं रोमन लोकांच्या लग्नाच्या देवीचं. सरांना याचं इतकं कौतुक की लॅबमध्ये फरशी पुसायला येणाऱ्या मावशींनाही त्यांनी ते सांगितलं होतं. "एवढे मोठे शास्त्रज्ञ, मावशी, पण नाव ठेवायला शेवटी देवळातच गेले!" मावशी त्या कागदाला हात लावून नमस्कार करायला लागल्या. दोघांनाही ते गैर वाटत नव्हतं.

छावणी भागात राहणाऱ्या शबाना आणि मुश्ताकची गोष्ट इथं सांगायला हवी. मुश्ताक वाळूजला एका कारखान्यात मशीनवर, शबाना घरी शिवणाचे क्लास घ्यायची. बरोबर नेहमी मुश्ताकच्या आई, अम्मा. शबानाच्या अंडाशयाचं लहानपणी ऑपरेशन झालेलं, त्यामुळे तिची अंडी आधीच कमी आणि भराभर संपत चाललेली. मोठ्या मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं, एखादा प्रयत्न, फार तर दोन. त्यानंतर स्वतःच्या अंड्याचा विचार सोडून द्यायचा.  जाताना शबानानं मला दारात विचारलं, "मॅडम, खरंच दोनच?" मी हो म्हटलं. ती मान हलवून गेली.

समजावून सांगायचं काम माझं होतं. मी तक्ता लावून, बाण दाखवून, एकेक पायरी सांगितली. मुश्ताक मोबाईल बघत होता आणि अम्मा तक्त्यावरचं अंडं बघून तोंडावर पदर घेऊन बसल्या होत्या. सर आत आले. आल्या आल्या म्हणाले, "मी म्हशींचा डॉक्टर. घाबरू नका, बाईंचंबी जमतं." मोठ्या मॅडमनी हे सांगू नका म्हणून त्यांना कितीदा बजावलं होतं. अम्मांनी पदर खाली घेतला.

"तू वाळूजला ना?" सरांनी मुश्ताकला विचारलं. "मग कंपनीचं गेट डोळ्यापुढं आण. बाहेर लाखो माणसं, सगळ्यांना आत जायचंय. नवा आलेला सरळ आत जातो का?"

"नाय सर. पास लागतो."

"व्हय. गेटवर ओळख पटली पायजे. अंड्याभोवती एक जाड कवच असतंय, ते गेट. तिथं ओळख पटली की ह्याच्या डोक्यावरची टोपी फुटती, त्यातून रस निघतो, नि हा कवचातून वाट काढत आत येतो. आत आला म्हणजे नोकरी लागली?"

मुश्ताकनं मोबाईल खिशात घातला. "आत मॅनेजर असतो."

"मालकीण असती! अंडं म्हणजे मालकीण. तिनं ह्याचा हात धरला पायजे. धरला की दोघं एक. आणि त्याच मिनिटाला शटर खाली. कवच असं घट्ट होतंय की मागचा एकबी आत येत नाय."

"ओव्हरटाइमवाला भी नाय?"

"ओव्हरटाइमवाला भी नाय. दोघं आत शिरले तर सगळा खेळ बिघडतो."

अम्मा खुदकन हसल्या. "एकदम पक्का कारखाना बनाया ऊपरवाले ने." मग तिघांनी मिळून सरांना इतके प्रश्न विचारले की चहा मागवावा लागला. मुश्ताकनं स्वतःच्या नमुन्याबद्दलचे प्रश्नसुद्धा विचारले, आईसमोर. माझ्यासमोर त्या माणसानं मान वर केली नव्हती. मी तक्ता गुंडाळला.

आता वाद. माझं म्हणणं होतं, सगळी अंडी सुईनं करायची. मोठ्या मॅडमच्या खोलीत आम्ही तिघं उभे होतो.

"पोराचा नमुना धडधाकट हाय," सर म्हणाले. "संख्या चांगली, चाल चांगली. सुई कशाला? भेटू द्या दोघांना."

"सर, अंडी मोजकी आहेत. अर्धी बशीत, अर्धी सुईला असं करण्याइतकीही नाहीत. धोका कशाला घ्यायचा?"

"टोचताना अंडं फुटलं तर?"

"माझ्या हातून फुटत नाही."

हे मी जरा मोठ्यानं बोलले. मोठ्या मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि सरांच्या बाजूनं निकाल दिला. बाहेर शबानाच्या घरच्यांना दोन्ही रस्ते सांगितले, तर अम्मा म्हणाल्या, "सुई कायकू? साब बोल रहे वैसा करो."

अंडी बशीत ठेवली, शुक्राणू सोडले. सर अक्कल येईपर्यंत बसले आणि आल्यावर समाधानानं घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंड्यांभोवतीच्या पेशी बाजूला करून आम्ही एकेक अंडं पाहिलं. फलन झालं असेल तर आत दोन गोल दिसतात, एक आईकडचा, एक बापाकडचा. एकाही अंड्यात नव्हते.

मला शबानाचं वाईट वाटलं, आणि आनंद झाला. एक जाऊन दुसरं आलं असं नव्हतं, दोन्ही सोबतच होती. मी बरोबर होते आणि आता ते सगळ्यांना दिसणार होतं. मोठ्या मॅडमना काय सांगायचं त्याची वाक्यं मी मनात जुळवायला लागले. बशी बाजूला टाकायला हात पुढे केला तर सर म्हणाले, "थांबा. हिकडं या. बघा."

मी डोळा लावला. बाहेरच्या कवचाच्या आत आणि अंड्याच्या बाहेर एक अरुंद मोकळी जागा असते. त्या जागेत शुक्राणू पोहत होते. एक नाही, कितीतरी. कवच पार करून आले होते, अंड्याला धडका देत होते, त्याच्या कडेनं फिरत होते आणि कुणीही आत जात नव्हता. इतक्या वर्षांत मी असं पाहिलं नव्हतं. खरं तर फलन झालं नाही म्हटलं की मी अंडं पुढं सरकवायचे, त्या फटीत कधी इतका वेळ बघतच नव्हते.

"गेट उघडलंय," सर पुटपुटले. "मालकीण हात धरत नाय. म्हणून शटरबी पडलं नाय, नि हे एकामागं एक येतच राहिले." त्यांचा चेहरा फुलला होता.

"सर, एका बाईची अंडी वाया गेली. तुम्ही खूश कसले होताय?"

"खूश नाय हो." त्यांनी डोळे पुसले. "पण आता कळलं ना, कुठं अडलंय ते. ह्यांना बशीत जन्मभर ठेवलं असतं तरी जमलं नसतं. ह्यांना तुमची सुईच पायजे. तुम्ही बरोबर होता, ताई."

तुम्ही बरोबर होता. मी सुई म्हटलं होतं ते सावधपणानं, यातलं काही मला ठाऊक नव्हतं. बरोबर असूनही मला काही दिसलं नव्हतं, आणि सर चुकले असूनही सगळं बघून बसले होते.

निरोप सांगायला मी निघाले तर सर पुढं झाले. तिघं बाकावर बसले होते. सर त्यांच्यासमोर जमिनीवरच बसले. "चूक माझी," म्हणाले. "ह्या मॅडम सुईनं करा म्हणत होत्या. मी ऐकलं नाय. एकबी अंडं रुजलं नाय." शबाना खाली बघत राहिली. तिची बोटं ओढणीच्या काठाची शिवण चाचपत होती. सरांनी मग गेट, मालकीण, हात न धरणं, सगळं तिला सांगितलं. "दोष कुणाचाच नाय पोरी. दोघांचंबी सगळं ठीक हाय, फक्त ती शेवटची पकड बसत नाय."

माझी खात्री होती की आता मुश्ताक ओरडेल. ओरडायला हवंच होतं. माझ्या चुकीनं असं झालं असतं तर वेटिंग रूम दणाणली असती. मुश्ताकनं सरांच्या खांद्यावर हात ठेवला. अम्मांनी डोळे पुसले, पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि आधी सरांना दिली. "पी लो बेटा. तुम भी तो आदमीच है." शबाना पहिल्यांदा रडली ती तेव्हा, सरांच्या समोर.

मी बरोबर होते, आणि माझ्याकडे कुणी बघतही नव्हतं.

शेवटचा प्रयत्न उन्हाळ्यात झाला. अंडी पहिल्यापेक्षाही कमी मिळाली. मुश्ताक लॅबच्या दारापर्यंत आला. "सर, आप ही करोगे ना?"

"मी? माझा हात म्हशीत गेलेला हाय बाबा, खांद्यापर्यंत," सर म्हणाले. "ह्या करतील. असा हात मराठवाड्यात दुसरा नाय."

मुश्ताकनं माझ्याकडे बघून मान हलवली आणि मग सरांना म्हणाला, "लेकिन आप बाजू में बैठो."

सर बाजूला बसले. नियमानं तिथं साक्षीला दुसरं कुणी लागतंच. मी शबानाचं आणि मुश्ताकचं नाव मोठ्यानं वाचलं, सरांनी परत वाचलं, आणि मी सुरू केलं. चांगला शुक्राणू निवडायचा, सुईनं त्याच्या शेपटीवर दाबून त्याला थांबवायचा, उचलायचा. अंडं एका बाजूनं धरायचं आणि दुसऱ्या बाजूनं सुई आत. कवच सुईला लगेच वाट देतं. आतलं आवरण मात्र तुटत नाही, ते सुईबरोबर आत आत ताणत जातं. शबानाचं तर फारच ताणत होतं. जोर केला तर अंडं फुटतं, सोडलं तर शुक्राणू बाहेर राहतो. मी आवरण सुईत किंचित ओढून घेतलं, थांबले, परत ओढलं. आवरण एकदम तुटलं. शुक्राणू आत ठेवला, सुई बाहेर. सगळी अंडी झाली तोवर माझा गाऊन पाठीला चिकटला होता.  नंतर सर म्हणाले, "शेवटची पकड तुम्ही घेतली, ताई."

सकाळी दोन अंड्यांत दोन दोन गोल दिसले, शेजारी शेजारी, एकमेकांना टेकलेले. त्यातल्या एकाची मुलगी झाली.

ती काही महिन्यांची झाल्यावर सगळे तिला घेऊन आले. अम्मांनी रिसेप्शनपाशीच हाक मारली, "अरे, म्हशी के डॉक्टर किधर हैं?" सर धावत बाहेर आले. अम्मांनी मुलगी त्यांच्या मांडीवर ठेवली. मी शेजारीच होते. शबाना माझ्याकडे बघून हसली, सलाम केला, आणि मुलीचं टोपडं नीट करायला सरांकडे वळली.

"अम्मा, चुकीच्या माणसाकडं दिली," सर म्हणाले. "काम ह्या मॅडमचं हाय. मी नुसता बाजूला बसलो होतो."

"हौ हौ," अम्मा म्हणाल्या. "बैठना भी काम है."

सर ऐकेनात. त्यांनी मुलीला छातीशी धरलं आणि त्या दिवसाची गोष्ट सुरू केली. अंडं कसं हट्टाला पेटलं होतं, आवरण कसं ताणलं, मॅडमनी श्वास कसा धरला, सुई किती हळू आत नेली. रिसेप्शनवरची मुलगी उठून आली, फरशी पुसणाऱ्या मावशी आल्या, भूल देणारे डॉक्टर जिन्यात थांबले. मुश्ताक तोंड उघडं टाकून ऐकत होता. माझं एवढं कौतुक त्याआधी कुणी केलं नव्हतं आणि नंतरही केलं नाही. सरांचा एकही शब्द खोटा नव्हता. आवरण तुटण्याच्या आधी ते थांबले, नेमके तिथंच, आणि मुलीची टोपी सारखी करत बसले.

अम्मांनी माझ्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली आणि लगेच सरांकडे वळल्या. "फिर? फिर क्या हुआ?"

पुढं काय झालं ते मी केलं होतं. मला कुणी विचारलं नाही. सर पुन्हा बोलायला लागले, आणि मीही सगळ्यांच्या मागं उभी राहून ऐकायला लागले.